पेटीतून घरी आल्यावर

मराठवाड्यात दिवस भरण्याआधी जन्मलेले मूल आता जगू लागले आहे. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ ही आपल्याकडची जुनी समजूत. वैद्यकाच्या दृष्टीने तिला आधार नाही, कारण पोटात एकेक आठवडा जास्त मिळाला की बाळाची ताकद वाढतच जाते. पण अशी समजूत पडावी इतकी बाळे हातची जात होती, हे खरे. आज छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या घाटीत, आणि शहरातल्या खासगी रुग्णालयांतही हजार-बाराशे ग्रॅमची बाळे तगतात. नळीने दूध घेता घेता वाटी-चमच्याने घ्यायला लागतात आणि महिना-दीड महिन्याने आईच्या कुशीत वैजापूरला, कन्नडला, अंबडला, गेवराईला घरी जातात. ‘बाळ पेटीतून बाहेर आलं’ म्हणून घरचे पेढे वाटतात, परिचारिकेच्या पाया पडतात. आनंद व्हावा अशीच ही गोष्ट आहे.

प्रश्न त्यानंतरचा आहे.

मरण मोजले जाते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागून १० बाळे गेली. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात होते. राज्य हादरले, चौकशा झाल्या, उच्च न्यायालयाने दखल घेतली. ते व्हायलाच हवे होते. पण जी बाळे वाचून घरी गेली त्यांतली किती जण वेळेवर बसली, किती चालली, किती जणांचे पाय ताठ राहिले, हे कुठल्याही आढावा बैठकीत विचारले जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगभरात १ कोटी ३४ लाख बाळे अकाली जन्मली, त्यांतली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात. जगातल्या कुठल्याही देशापेक्षा हा आकडा मोठा आहे. म्हणजे या बाळांचे पुढे काय होते, हा प्रश्न विचारण्याची जबाबदारीही सर्वांत जास्त आपली आहे.

यातल्या काही बाळांच्या मेंदूला आईच्या पोटात असताना किंवा पेटीतल्या पहिल्या दिवसांत इजा झालेली असते. घरी जाताना ती दिसत नाही. बाळ दूध पिते, रडते, वजन वाढते, सगळे ठीक वाटते. ही इजा कशी होते ते समजून घेतले, तर पुढचे बरेचसे उलगडते. २४ ते ३२ आठवड्यांच्या काळात मेंदूच्या मधल्या पोकळ्यांच्या कडेला नव्या पेशी तयार करणारा एक थर असतो. पूर्ण दिवसांच्या बाळात तो जवळजवळ उरलेला नसतो. त्या थरातल्या रक्तवाहिन्या इतक्या तलम असतात, की रक्तदाब जरा वरखाली झाला, श्वास अडला, बाळ गार पडले, की त्या फुटतात. हा रक्तस्राव बहुतेक वेळा जन्मानंतरच्या पहिल्या ३ दिवसांत होतो. दुसरी इजा अधिक मूक असते. त्याच पोकळ्यांच्या भोवती मज्जातंतूंना वेष्टन घालणाऱ्या पेशी नुकत्या वाढत असतात. रक्तपुरवठा कमी पडला किंवा आईच्या गर्भपिशवीतला जंतुसंसर्ग बाळापर्यंत पोहोचला, तर त्या मरतात. आणि मेंदूकडून पायांकडे हुकूम नेणारे तंतू नेमके या पोकळ्यांना लागून जातात, हातांचे त्यांच्यापासून थोडे लांबून. म्हणूनच अकाली जन्मलेल्या मुलाचे हात बऱ्यापैकी चालतात आणि पाय मात्र कडक होतात.

लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ साली तिथल्या प्रसूतिशास्त्र संस्थेपुढे हा संबंध मांडला होता: अडलेले बाळंतपण, जन्मतः गुदमरणे, अकाली जन्म आणि मुलांचे ताठ पाय. ते स्वतः लहानपणापासून एका पायाने अधू होते. कारण माहीत होऊन दीडशेहून जास्त वर्षे झाली आहेत.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, एकूण मुलांत हजारी दोन-तीन आढळतो. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांत तो साधारण दहात एकापर्यंत जातो. दहातली नऊ मुले त्यातून सुटतात, हेही आईबापांना ठळकपणे सांगितले पाहिजे. पेटीत ठेवलेले प्रत्येक बाळ अधू होणार, या भीतीने घर खचते आणि त्याचा कुणालाच उपयोग नसतो. पण तो दहावा कोण, हे शोधायचे तर दहाही जणांकडे पाहावे लागते.

ते पाहणे फार अवघड नाही. लंगोट बदलताना आईच्या सगळ्यात आधी लक्षात येते, की मांड्या फाकत नाहीत, दोन्ही पाय एकमेकांवर कात्रीसारखे चढतात. उचलून धरले की बाळ पायाच्या बोटांवर ताठ उभे राहते आणि घरात कौतुक होते, ‘बघा, आत्तापासून उभं राहतंय!’ मूठ सदा वळलेली आणि अंगठा तळहातात दाबलेला. चौथा महिना उलटला तरी मान धरत नाही. वर्षाच्या आतच बाळ एकाच हाताने खेळणे घ्यायला लागले, तर ते डावखुरे निघाले म्हणून हसू नये. दुसऱ्या हाताचे काय झाले, ते पाहावे. एवढ्या खुणा कुठल्याही आईला, आजीला, आशाताईला दहा मिनिटांत शिकवता येतात.

आणि घरात काय बोलले जाते? ‘अगं, त्याचा बाप बी उशिरानंच चालला व्हता.’ ‘कमी दिवसाचं हाय, वेळ लागंलच.’ मालिश करणारी बाई तेल वाढवायला सांगते. कुणी बाजारातून पांगुळगाडा आणतो आणि आधीच बोटांवर उभे राहणारे मूल त्यात आणखी ताठ होते. यात कुणाचा दुष्टावा नाही, प्रेमच आहे. परंतु या प्रेमात वर्ष निघून जाते. मूल दीड-दोन वर्षांचे झाले आणि शेजारच्या घरातले त्याच वयाचे पोर अंगणात पळू लागले, की मग दवाखान्याची वाट धरली जाते. मेंदू सर्वांत जास्त वळण घेतो तो काळ तोवर सरत आलेला असतो.

इथे वय मोजण्याची एक साधी रीत माहीत असली पाहिजे, आणि ती डॉक्टरांकडून घरापर्यंत पोहोचत नाही. १२ आठवडे आधी जन्मलेल्या बाळाच्या वयातून दोन वर्षांपर्यंत सुमारे ३ महिने वजा करायचे. म्हणजे जन्मून ७ महिने झालेल्या अशा बाळाकडून ४ महिन्यांच्या बाळाची अपेक्षा ठेवायची. ही वजाबाकी केली तर उगाच घाबरणे टळते. शिवाय ‘कमी दिवसांचं आहे’ या सबबीला हद्द पडते. वजाबाकी करूनही मूल मागे असेल, तर आता थांबायचे नाही, इतके स्पष्ट होते. माता-बाल संरक्षण कार्डावर बाळ कधी काय करते त्याची चित्रे आहेत, फार उपयोगी आहेत. कमी दिवसांच्या बाळाच्या कार्डावर त्या चित्रांशेजारी लाल शाईने हे दुरुस्त केलेले वय लिहून द्यायला कितीसा खर्च येतो?

वैद्यक आता याहून पुढे गेले आहे. बाळाची टाळू, जी आजी रोज तेलाने भरते, ती उघडी असेपर्यंत तिथूनच मेंदूची सोनोग्राफी होते. बाळाला हलवावे लागत नाही, भूल लागत नाही, किरणे लागत नाहीत. दुरुस्त वयाच्या ३ ते ५ महिन्यांत बाळ उताणे जागे असताना त्याच्या सर्वांगात बारीक, सतत, लयदार हालचाली दिसतात. त्या नसतील तर धोका मोठा असतो, आणि प्रशिक्षित डोळ्याला काही मिनिटांचा व्हिडिओ पाहूनही ते कळते. ऑस्ट्रियाचे हाइन्झ प्रेख्टल यांनी ही पद्धत बसवली. या खुणा, सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि स्नायूंची तपासणी एकत्र पाहिली, तर दुरुस्त वयाच्या ५ महिन्यांच्या आत बहुतेक मुलांचे निदान होऊ शकते, असे २०१७ पासून जगभरचे तज्ज्ञ सांगत आहेत. सोयगावच्या एखाद्या आईने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ शहरातल्या डॉक्टरांनी पाहावा, याला अजिंठ्याचा घाट आड येत नाही.

डोळ्यांच्या बाबतीत हे आपण शिकलो आहोत. अकाली जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी महिन्याच्या आत व्हावी, हे आता मान्य आहे. १९९६ साली चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात जन्मलेल्या एका मुलीची ही तपासणी झाली नाही, ती दृष्टी गमावून बसली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. त्या निकालानंतर ‘डोळे तपासा’ हे सांगणे कुणाच्या मर्जीवर राहिले नाही. हातापायांच्या तपासणीसाठी आपण एखाद्या मुलाच्या अशाच खटल्याची वाट पाहायची का?

इजा झाल्यावरचे बोलतो आहोत, पण तिला आधीच अडवणारी औषधेही आहेत आणि ती महाग नाहीत. दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेल्या बाईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात आणि मेंदूतला रक्तस्रावही कमी होतो. हे लिगिन्स आणि हाउवी यांनी न्यूझीलंडमध्ये १९७२ साली दाखवले. डेक्सामेथासोन हे त्यासाठीचे औषध आपल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात असते. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत त्याची चाचणी घेतली, तिचे एक केंद्र आपल्या सीमेवरच्या बेळगावात होते. २०२० मध्ये निकाल आला: ज्यांच्या आयांना औषध मिळाले त्या बाळांमधील मृत्यूचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. याआधी नागपूर आणि बेळगाव परिसरातल्या गावांचाही समावेश असलेल्या दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगात हेच औषध गावपातळीवर देण्यावर भर दिला गेला, तेव्हा मृत्यू कमी झाले नव्हते. म्हणजे इंजेक्शन टोचले की काम झाले, असे नाही. आठवडे नीट मोजलेले हवेत आणि बाळाला सांभाळणारा कक्ष जवळ हवा.

दुसरे औषध मॅग्नेशियम सल्फेट. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येऊ नयेत म्हणून ते बाळंतपणाच्या प्रत्येक सरकारी खोलीत असते, नर्सताईंना ते द्यायची सवय आहे. ३२ आठवड्यांच्या आत बाळंतपण होणारच असे दिसत असताना आईला ते दिले, तर बाळाचा मेंदू वाचायला मदत होते, हे अनेक चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. साधारण ६० आयांना दिले की एका मुलाचा सेरेब्रल पाल्सी टळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये तशी शिफारस केली. कपाटात असलेले, काही रुपयांचे औषध. जिथे बाळंतपण होणार तिथल्या डॉक्टरांना ते या कामासाठीही आठवले पाहिजे, आणि ते देताना आईचा श्वास, लघवी व गुडघ्याची प्रतिक्रिया पाहणारे माणूस शेजारी असले पाहिजे.

आणि तिसरी गोष्ट औषध नाहीच. बाळ जन्मल्यावर त्याला पळवण्यापेक्षा ते पोटात असतानाच आईला शहरात आणावे. आईच्या पोटाइतकी उबदार आणि सुरक्षित रुग्णवाहिका अजून कुणी बनवलेली नाही. जानेवारी २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची सेवा आहे. तरीही ‘इथंच मोकळी होऊ द्या, मग बघू’ असे म्हणत थांबले जाते आणि मग गार पडलेले बाळ ओढणीत गुंडाळून साठ-सत्तर किलोमीटर आणले जाते. त्या प्रवासात मेंदूचे काय होते ते वर लिहिलेच आहे.

त्याहून मागे गेलो, तर मुली दिसतात. अठराच्या आत लग्न झालेल्या, सतराव्या-अठराव्या वर्षी गरोदर राहिलेल्या, अंगात रक्त नसलेल्या. लहान वयातले गरोदरपण, रक्तक्षय, अंगमेहनत, वेळीच न ओळखलेला लघवीचा संसर्ग, ही अकाली बाळंतपणाची ठरलेली कारणे आहेत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी आणि बीड जिल्ह्यांत लहान वयात लग्न झालेल्या मुलींचे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होते. दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या पट्ट्यात गेलेली बाई सातव्या महिन्यातही मोळी डोक्यावर घेते, कारण खाडा झाला तर पैसे कापले जातात. तिची तपासणी गावच्या उपकेंद्रात नोंदलेली असते आणि ती स्वतः दोनशे किलोमीटरवर पालात असते. घाटीत येणाऱ्या कमी दिवसांच्या बाळांचा रस्ता तिथून सुरू होतो. शहरातल्या सुखवस्तू घरांत तो वेगळा असतो: वंध्यत्वाच्या उपचारांनंतरची जुळी, तिळी. पायांचा कडकपणा मात्र दोन्हीकडे सारखाच.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात देशात सर्वप्रथम आपल्या पालघरमध्ये झाली. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आहे, हालचालींतल्या अडचणींचा समावेश आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर उपचार करणारे केंद्र अपेक्षित आहे, जिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचाउपचारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ एकाच छताखाली असतील. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिलेल्या घरपोच नवजात सेवेवरून देशभर आशाताई पहिल्या ४२ दिवसांत बाळाच्या घरी जाऊ लागल्या. २०१८ पासून त्यापुढच्या भेटीही ठरल्या: तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. या तारखा पाहा. मेंदूची इजा ओळखायला हवी, नेमक्या त्याच सुमारास आशाताई दारात उभी असते. तिच्या हातात वजनकाटा आहे, लोहाच्या औषधाची बाटली आहे. मांड्या फाकून पाहायला, मूठ उघडून पाहायला, वय वजा करून मोजायला तिला शिकवले आणि ‘हे बाळ पेटीतलं आहे’ अशी यादी रुग्णालयाने तिच्यापर्यंत पोहोचवली, की नवी योजना काढायची गरज उरत नाही. मात्र या जास्तीच्या कामाचे तिला पैसे मिळाले पाहिजेत. आशाताईच्या सेवाभावावर अजून किती भार टाकायचा, याला मर्यादा आहे.

निदान झाल्यावरचा प्रश्न अंतराचा असतो. मान, पाठ, बसणे, वळणे यांचे व्यायाम महिन्यातून एकदा शहरात करून भागत नाही. ते रोज, घरात, आंघोळ घालताना, भरवताना, कडेवर घेताना करायचे असतात. मूल कमरेवर पाय फाकवून घेतले तर मांडीचे स्नायू आपसूक ताणले जातात. हे आईला हात धरून दाखवावे लागते, छापील कागद देऊन ते येत नाही. सिल्लोडच्या शेतमजूर बाईला शहरातल्या एका फेरीसाठी दिवसाची मजुरी आणि बसचे भाडे असे दोन्हीकडून पैसे जातात. चार फेऱ्यांनंतर ती थांबते आणि केस पेपरवर ‘पालक येत नाहीत’ असा शेरा पडतो. तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बसला, तर ती येईल. आजारी नवजातांना नेण्या-आणण्याची मोफत सोय जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून आहे, नंतर ती वर्षाच्या बाळापर्यंत वाढवली गेली. व्यायामाच्या फेऱ्याही त्यात धरल्या पाहिजेत. फिजिओथेरपीची महाविद्यालये शहरात आहेत, तिथल्या शिकाऊ मुलामुलींना यापेक्षा चांगला वर्ग कुठे मिळेल?

ही जागा रिकामी ठेवली की ती कोण भरतो, हेही पाहिले पाहिजे. स्टेम सेलची सुई टोचून मूल चालेल, असे सांगणारे भेटतात. रक्ताच्या काही ठराविक आजारांखेरीज स्टेम सेलचा वापर संशोधनाच्या चौकटीबाहेर करू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही लोक त्यासाठी शेत गहाण टाकतात. दुसरीकडे आईलाच धारेवर धरले जाते: ग्रहणात भाजी चिरली होतीस, पाठीवर ओझं नेलं होतंस. नऊ महिन्यांतले सहा-सात महिने पोटात वाढवून, पुढे पेटीसमोर रात्री काढून, छातीशी कातडीला कातडी लावून जिने ते मूल जगवले, तिला हे ऐकावे लागते. ग्रहणाने मेंदूतली रक्तवाहिनी फुटत नाही, हे डॉक्टरांनी घरच्या सगळ्यांना समोर बसवून सांगितले पाहिजे. हाही उपचारच आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, सेरेब्रल पाल्सी त्यांतला एक. प्रमाणपत्र निघते, राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. हे आईबापांना बहुधा दुसऱ्या एखाद्या मुलाच्या आईबापांकडून कळते, तेही केंद्राच्या बाकावर वाट पाहताना.

जिल्हा परिषदेचे आरोग्य खाते, महापालिका, घाटी आणि खासगी नवजात कक्ष यांनी एकत्र बसून एक नोंदवही सुरू करावी. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेले किंवा दीड किलोखालचे प्रत्येक बाळ तिच्यात यावे, मग बिल कुणीही भरलेले असो. घरी सोडतानाच्या कागदावर दुरुस्त वय, टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीचा निकाल आणि दुरुस्त वयाच्या चौथ्या महिन्यातल्या तपासणीची तारीख छापलेली असावी, आणि त्या तारखेला बाळ आले नाही तर फोन जावा. पुढच्या आढावा बैठकीत जिल्हाधिकाऱ्यांनी मृत्यूंच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना मागावा: या तिमाहीत किती बाळांची चौथ्या महिन्याची तपासणी व्हायची होती, आणि किती जणांची झाली.